चीक पिण्याआधी

आमच्या फॉर्मात एक रकाना आहे, बहुतेक लोक त्यावर रेघ ओढतात:
‘नमुना घेताना पिल्लू चीक प्यायलं होतं का?’
मांजरीच्या हणमंता धोत्रेनं तिथे
पेन दाबून लिहिलंय, नाही.
आणि समासात, आडवं :
बायकोनं धरून ठेवलं.

थर्मोकोलचा खोका मासळीवाल्याकडचा,
झाकणाला अजून बोंबलाचा वास.
आत बर्फ, बर्फात रक्ताच्या चार नळ्या,
पिशवीत दोन मेलेली, वीतभर,
शेपटीला अजून वळणही पडलं नव्हतं.

‘बसमध्ये घेईनात.
काय आहे विचारलं, मी खरं सांगितलं.’
मग पुतण्याच्या गाडीवर, खोका मांडीत,
हडपसर, बंडगार्डन, विद्यापीठ, औंध.
‘सिग्नलला थांबलो की बर्फ वाजायचा, मॅडम.’

शेजारच्या टेबलावर वाघोलीकर कोंबड्या बघतो.
म्हणाला, तुझं गिऱ्हाईक आलं.
रजिस्टरात आम्ही ‘वराह’ लिहितो,
दारात मात्र सगळे डुक्करच म्हणतात,
आणि वास आला की खिडकी उघडतात.

माणसाची आई पोटातच थोडी शिदोरी बांधून देते.
डुकरिणीला ते जमत नाही, तिची वार आड येते.
राखणीचं जे काही द्यायचं
ते पहिल्या चिकात, पहिल्या काही तासांत.
म्हणून चिकाआधीचं रक्त मला हवं असतं :
त्यात लढल्याची खूण निघाली तर ती उसनी नाही,
त्या वीतभर जिवाची स्वतःची.
म्हणजे शत्रू वाडग्यात नाही,
आतच भेटला होता.

प्लेट धुतली. थेंब टाकले. थांबले.
थांबणं हेच आमचं निम्मं काम.
पहिला खळगा निळा, दुसरा, तिसरा,
मग आम्ल घातलं आणि तिन्ही पिवळे झाले,
अगदी चिकासारखे.
चौथा स्वच्छ. पाण्यासारखा.

मला बरं वाटलं. उगाच.

चौथं कुठलं, ते नळीवर होतं : थरथरणारं.
मे महिना, त्या रात्री वाराही नव्हता,
तरी जन्मल्यापासून थरथरत होतं, असं डॉक्टर मुजावरांनी लिहिलेलं.
विषाणू फार लवकर भेटला
तर शरीर त्याला घरचाच समजतं.
भांडतच नाही. खूणही ठेवत नाही.

मग पीसीआर लावला.
मध्ये लाईट गेली, जनरेटर दोनदा खोकला,
वाघोलीकर डबा खाऊन, हात पुसत परत आला.
पडद्यावर रेघ आडवी पडलेली,
आडवी, आडवी,
चोविसाव्या फेरीला उठली
आणि चढतच गेली.

अहवालात एकच शब्द जातो, आढळला.
त्याची एक प्रत जिल्ह्याला जाते,
आणि ती गेली की पांढऱ्या पोशाखातली माणसं निघतात,
खड्डा, चुना, पंचनामा.
हे फोनवर सांगायची पद्धत नाही.
मी फक्त खातरजमेसाठी लावला,
रकान्यासाठी.

फोन यल्लूनं उचलला.
‘व्हय, मीच धरलं. धा मिनिटं.
डॉक्टर बादलीवर बसून बॅटरी धरत होते,
सुई मिळेना त्यांना, हात ओले.
ते तोंड हलवत होतं सारखं,
माझ्या करंगळीलाच लागलं चोखायला.
रक्त निघाल्यावर लगेच लावलं मी आईला,
उशीर नाही केला.
बाकीची तीन निपचित पडलीत.
ह्योच तेवढा पितोय बघा, थरथर करत,
पण सोडत नाही.
धरलं त्यानं काय वंगाळ तर नाही ना झालं?’

मी म्हणाले, नाही, त्यानं काही नाही.
ते खरं होतं.

मग ती काही बोलली नाही, मीही नाही.
तिनं फोन बहुतेक तिथेच कुठेतरी टेकवला,
पेंढ्यावर, डुकरिणीच्या कुशीपाशी.
बराच वेळ
चोखल्याचा आवाज येत होता.